कट्टा नको, भाकरी चालेल

"हे गृहस्थ नेमकं काय बनवतात?" मिसेस विल्कॉक्सनी मला हळूच विचारलं.

हे गृहस्थ म्हणजे शेटजी. ते मधल्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या गळ्यात झेंडूचा भरगच्च हार होता. मिसेस विल्कॉक्सच्या गळ्यातला हार त्याहून जरा बारीक होता. शेटजींनी नुकतंच इंग्रजीतून छोटं भाषण केलं होतं आणि या पुण्यकार्यात आम्ही तुमचे पार्टनर आहोत, असं सांगितलं होतं. समोर सतरंजीवर बालवाडीची मुलं बसली होती. त्यांच्यामागे त्यांच्या आया.

"विड्या," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही, म्हणून समजावून सांगितलं. पानात गुंडाळलेली तंबाखू. गरिबांची सिगारेट.

मिसेस विल्कॉक्सनी पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवून दिलं. सकाळपासून ते पेन एकदाही बंद झालं नव्हतं.

पलीकडून बिराजदार सर वाकले. "काय म्हणाली?"

"शेटजी काय करतात, विचारलं."

"मग सांग की, पूर्व भागातला सगळ्यात मोठा कारखाना म्हणून."

मी ते सांगितलं नाही. का सांगू नये हे मला नीट कळत नव्हतं. पण पेन आत गेलेलं मी पाहिलं होतं.

मी त्या वेळी या संस्थेत नवीन होते. संस्थेचं ऑफिस शुक्रवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर होतं. मी 'करस्पॉन्डन्स' बघायचे, म्हणजे परदेशी पत्रव्यवहार. शाळा कॉन्व्हेंटची, घर रेल्वे लाइन्सकडे. सोलापुरात जन्मूनही तोवर मी पूर्व भागात कधी गेले नव्हते. तिथे घरोघर माग चालतात, बायका विड्या वळतात आणि बोलणं बरंचसं तेलुगूत. बिराजदार सर संस्थेचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर. त्यांचं इंग्रजी व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं, पण गोऱ्या माणसाचे उच्चार त्यांना समजायचे नाहीत. म्हणून पाहुणे आले की मी दुभाषी. मला हे काम बरं वाटायचं. मला कुठल्याच भाषेत फारसं बोलता येत नाही. इथे तर फक्त दुसऱ्याचं बोलायचं होतं.

आता 'मॅचिंग ग्रँट' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यातच आहे. परदेशातली संस्था आपल्याला सरळ पैसे देत नाही. ती म्हणते, गावातल्या लोकांनी आधी आपला वाटा उचलावा. तुम्ही जितके जमवाल तितकेच आम्ही घालू. पण आमच्या बाबतीत तिकडच्या संस्था दोन होत्या. एक लहान, मिसेस विल्कॉक्सची, एका चर्चच्या मंडळींनी चालवलेली. दुसरी मोठी. लहान संस्था आमच्याइतके घालणार आणि मोठी संस्था लहानीइतके. मला हे पहिल्या आठवड्यात तीनदा समजलं आणि तीनदा विसरले. शेवटी सरांनी शाळेतल्यासारखं सांगितलं. मूल एक पोळी खाईल तर आई एक लाडू देणार, आणि आईने दिला तर आजी दुसरा देणार.

"आणि मुलाने पोळी खाल्लीच नाही तर?" मी विचारलं.

"मग घरात लाडू असून उपयोग काय?" सर म्हणाले.

हे सगळं चाललं होतं एका पाळणाघरासाठी. बालवाडीत मुलं तिसऱ्या वर्षापासून घ्यायचे. त्याहून लहान मुलं आयांजवळच राहायची. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मूल तिथेच शेजारी झोळीत. मी पहिल्यांदा नरसव्वाच्या घरी गेले तेव्हा शिंकांनी हैराण झाले. डोळ्यांतून पाणी थांबेना. नरसव्वा ही त्या गल्लीतल्या बायकांची म्होरकी, पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिची नात रत्ना माझ्यापासून हातभर अंतरावर झोपली होती. ती शिंकत नव्हती. ती झोपेत खोकत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या पोरीला तंबाखूपासून लांब ठेवा. नरसव्वाने त्यांना विचारलं होतं, कुठं ठेवू? बालवाडीच्या मागची रिकामी खोली त्यासाठीच घ्यायची होती. घरमालक ती दिवाळीपर्यंत रिकामी ठेवायला तयार होता, पुढे नाही.

बायकांनी आपला वाटा कसा जमवला, ते मला फार आवडलं होतं. पंचवीस विड्या दोऱ्याने बांधल्या की एक कट्टा होतो. कारखान्यात हजारावर मजुरी मिळते. बायकांनी ठरवलं, हजारामागे एका कट्ट्याची मजुरी बालवाडीला. ती मजुरी त्यांच्या हातात यायचीच नाही. कारखान्याचा मुनीम हिशेब करतानाच कापून घ्यायचा आणि शनिवारी संस्थेत आणून द्यायचा. मी नरसव्वाला विचारलं होतं, तुम्ही स्वतःच का नाही आणून देत? ती माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तशी बघत राहिली.

"हातात पडला की पैसा मालकाचा," ती म्हणाली. "मुनीमाकडंच कापला तर पोराचा."

मालक म्हणजे नवरा. हे मला घरी जाऊन आईला विचारावं लागलं.

तर सभा संपली. शेटजी मोटारीत बसून गेले. मिसेस विल्कॉक्सनी मला बाजूला घेतलं. त्या साठीच्या, उंच, अगदी मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्या चर्चच्या मंडळींनी फार पूर्वीपासून दारू आणि तंबाखू सोडलेली आहे. नुसती सोडलेली नाही, त्यातून आलेल्या पैशालाही ती शिवत नाहीत. त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका जॅम करून, स्वेटर विणून आणि विकून या पाळणाघरासाठी पैसे जमवत होत्या. त्यांना जाऊन मी काय सांगू, की एक तंबाखूचा कारखानदार आपला पार्टनर आहे?

मी म्हणाले, तो पार्टनर नाही. पैसे बायकांच्या मजुरीचे आहेत. त्याचा मुनीम फक्त पोचवतो.

"मग तो मधल्या खुर्चीवर का होता?"

मला उत्तर येत होतं, पण इंग्रजीत येत नव्हतं. आमच्याकडे मधल्या खुर्चीवर कोणीतरी शेटजी बसल्याशिवाय काहीच सुरू होत नाही, हे कसं सांगायचं? मी गप्प बसले. माझं गप्प बसणं त्यांना कबुलीसारखं वाटलं असणार.

ऑफिसात परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"अगं, पण अध्यक्ष लागतोच की."

"शेटजींनी संस्थेला काय दिलं आहे, सर?"

"एक पैसा नाही."

"मग?"

"खुर्च्या," सर म्हणाले. "खुर्च्या त्यांच्याकडूनच आणल्या होत्या."

मी हसले नाही. मला तेव्हा हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात सगळं उलटसुलट झालं होतं. मुलांना तंबाखूपासून लांब नेण्यासाठी पाळणाघर. त्या पाळणाघरासाठी आया तंबाखूतूनच पैसे काढणार, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नाही. आणि तंबाखूचे म्हणून ते पैसे चालणार नाहीत, असं म्हणणारी माणसं तंबाखूच्या विरुद्ध, म्हणजे आमच्याच बाजूची. यात चूक कोणाची, हे मला सापडत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी विचारलं असतं तर मी मिसेस विल्कॉक्सची बाजू घेतली असती. मला ती बाजू कळतही होती. पण रत्नाचं खोकणं कानात होतं.

सरांनी ठरवलं, बायकांना सांगायला हवं. आणि ते मी सांगावं. त्यांचं म्हणणं होतं की बाईने बाईला सांगितलं तर राग कमी येतो. हे खरं नाही, असं मला त्या दिवशी कळलं.

नरसव्वाच्या घरापुढे बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. बोलताना त्यांचे हात थांबत नाहीत. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मी उभ्यानेच सांगितलं. पाहुण्या बाईंच्या लोकांना तंबाखूचा पैसा चालत नाही, तेव्हा कट्ट्याऐवजी दुसरा पैसा देता येईल का? माझं मराठी पुस्तकी, त्यात मी घाबरलेली. सगळ्यांना कळलं नसावं. एकीने दुसरीला तेलुगूत काहीतरी विचारलं. नरसव्वाने दोन वाक्यांत सगळ्यांना सांगितलं. मग हात थांबले.

"दुसरा पैसा म्हंजे कुटला?" नरसव्वाने विचारलं.

मी सुपातल्या तंबाखूकडे बघू लागले.

"त्यांच्या देवाला विडी चालत न्हाय व्हय? मग ह्यो हात तरी कसा चालतोय?" तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली. टोकांना पिवळट तपकिरी रंग पक्का बसला होता. "सकाळी ही बाई माजा हात धरून हसत हुती की."

एक तरुण बाई म्हणाली, "इंग्रजीबाई, तुमच्या घरी कोन विडी वडत न्हाय?"

माझे वडील सिगारेट ओढतात. मी सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण सगळ्या हसल्या. त्या हसण्यात फार राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

निघताना नरसव्वा दारापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "खोली जाईल व्हय?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"माहीत न्हाय म्हनू नका, बाई. जाईल तर जाईल म्हना. पोरगीला गावाकडं बहिनीकडं ठेवीन. तितं तंबाकू न्हाय." ती थांबली. "दूद बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिसेस विल्कॉक्सना भेटायला रेस्ट हाउसवर गेले. सरांनी मला पाठवलं नव्हतं. मी स्वतःहून कोणाला भेटायला जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या व्हरांड्यात चहा घेत होत्या. त्यांनाही रात्री झोप लागलेली दिसत नव्हती. मी बायकांचं म्हणणं सांगितलं. हाताचं सांगितलं नाही. मालकाचं आणि मुनीमाचं सांगितलं. पैसा हातात येऊ न देण्याची ती युक्ती त्यांना लगेच कळली. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या आपल्या आईबद्दल काहीतरी म्हणाल्या. वडील आणि शुक्रवारचा पगार असं काहीतरी. पण अर्ध्यावर थांबल्या.

मग म्हणाल्या, "कारखान्याकडून येणारा पैसा मी हिशेबात धरू शकत नाही. मला तसा अधिकारच नाही. पण स्थानिक वाटा रोख रकमेतच हवा, असं आमच्या अटींत कुठे नाही. श्रम चालतात. जागा चालते. अन्न चालतं."

"अन्न?"

"आयांनी मुलांना दिलेलं. नियमितपणे." नियमितपणे हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला आणि माझ्याकडे न बघता चहात साखर घातली. त्यांच्या चहात साखर आधीच होती. मी घालताना पाहिली होती.

मी सरळ सरांकडे गेले.

"भाकरी चालेल?" सरांनी दोनदा विचारलं.

"अन्न चालेल म्हणाल्या."

"आणि ज्वारी कशाच्या पैशाने येणार?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि तू सांगितलं नाहीस."

"मला विचारलं नाही, सर."

"हेडमास्तर असतो तर तुला वर्गाबाहेर उभी केली असती," ते म्हणाले आणि पायात चपला घालू लागले.

या वेळी बायकांकडे सरही आले. सांगणं सोपं होतं. रोज प्रत्येक घरातून बालवाडीला एक भाकरी, बरोबर शेंगाची चटणी. दुपारी मुलांनी तिथेच खायची. बाजारभावाने भाकरीचा हिशेब होईल आणि तो आपला वाटा धरतील. तशीही मुलं घरी भाकरी खायचीच, ती आता बालवाडीत खातील. वर मोठ्या घरांनी एखादी जास्तीची. बायकांनी आपसात बोलून होकार दिला. फक्त नरसव्वाला ते पटत नव्हतं. तीच ज्वारी, तोच पैसा, तोच हात. मग काल कट्टा वाईट आणि आज भाकरी चांगली, हे कसं? सर म्हणाले, असं असतं. नरसव्वा म्हणाली, कसं असतं? सर चपला शोधू लागले.

तिसऱ्या दिवशी मिसेस विल्कॉक्स निघायच्या आधी बालवाडीत आल्या. या वेळी खुर्च्या नव्हत्या. सगळे सतरंजीवर. बायका फडक्यांत बांधून भाकऱ्या घेऊन आल्या. मुलं रांगेत बसली. मिसेस विल्कॉक्स गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि त्यांच्यापुढेही ताटली ठेवली.

नरसव्वाने त्यांच्या ताटलीत भाकरी वाढली. वाढून बाजूला झाली नाही. तिथेच बसली आणि माझ्याकडे वळली.

"बाई, सांगा तिला. ही बी कट्ट्याचीच हाय. फसवून खाऊ घालनार न्हाय मी कुनाला."

सरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली. मिसेस विल्कॉक्स माझ्याकडे बघत होत्या. नरसव्वा काय म्हणाली ते त्यांना हवं होतं. मला एवढंच दिसत होतं की रत्ना नरसव्वाच्या खांद्यावर आहे आणि तोंड उघडं टाकून झोपली आहे.

दुभाष्याने जे बोललं गेलं तेच सांगायचं असतं. मी ते नेहमी करत आले होते. मी म्हणाले, "ती म्हणते, ही भाकरी तिच्या कामातून आली आहे. तुम्हाला हे माहीत असायला हवं, असं तिला वाटतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

मिसेस विल्कॉक्सनी ताटलीकडे पाहिलं. मग नरसव्वाच्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ. त्यांना कळलं की नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. चटणी तिखट होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायका हसल्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिला सांग, तिने दिलेलं मी धरते."

मी सांगितलं. नरसव्वाने विचारलं, "समदं सांगितलं न्हवं?"

मी मान हलवली. हो की नाही, हे मान हलवण्यावरून कळू नये, अशी ती हलवली असावी.

दिवाळीच्या आधी लहान संस्थेचे पैसे आले. त्यांच्यामागोमाग मोठीचे. खोली मिळाली. पुढचे सहा महिने मी दर आठवड्याला भाकऱ्या टाइप केल्या. तिकडे पाठवायच्या रिपोर्टमध्ये त्याला 'कम्युनिटी न्यूट्रिशन प्रोग्रॅम' असं नाव मिळालं. कारखान्यात पान कमी आलं की बायकांना काम कमी मिळायचं आणि त्या आठवड्यात भाकऱ्याही कमी यायच्या. तिकडून विचारणा आली की या आठवड्यात लोकांचा उत्साह का घटला? मी लिहिलं, हंगामी कारणं. कट्टाही बंद झाला नाही. नरसव्वाने बंद करू दिला नाही. त्यातून खोलीचं भाडं जायचं. त्याच्या जोडीला कोणी काही घातलं नाही आणि त्याबद्दल कोणी काही विचारलंही नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी स्वच्छ झोळ्या, धुतलेली फरशी, उघडी खिडकी, सगळं होतं. मुलं झोपेनात. एक रडलं की सगळी रडायची. रत्ना सगळ्यात जोरात. सांभाळणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या, मी कानात बोटं घालून उभी. शेवटी नरसव्वाला बोलावलं. ती आली, झोळीत डोकावली आणि घरी निघून गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने आपलं जुनं पातळ घेऊन आली. विड्या वळताना नेसायचं, जन्माचा तंबाखूचा वास बसलेलं. ते तिने झोळीत अंथरलं आणि रत्नाला त्यावर ठेवलं. ती दोनदा हुंदकली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या आयांनी आपापली आणली. खोलीत वास राहिला, पण धूळ राहिली नाही. पावसाळ्यापर्यंत रत्नाचं खोकणं बरंच कमी झालं होतं.

रिपोर्टमध्ये एक रकाना होता. स्थानिक लोकांनी वस्तुरूपाने दिलेली मदत. मी सरांना विचारलं, पातळांचं काय करू? लिहू की नको?

"लिही की," सर म्हणाले. "अंथरुणं. वापरलेली."

मी तसं लिहिलं. मिसेस विल्कॉक्सचं उत्तर आलं. अंथरुणं मान्य आहेत, त्यांनाही जोड मिळेल.

या नोकरीत मी एवढंच पक्कं शिकले. ग्रँटचे पाहुणे येणार असतील तर खुर्च्या भाड्याने आणाव्यात.